तणावानंतर गावातल्या पोरांना घेऊन नाटक बसवायचं असेल तर

बाकी वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. परभणी जिल्ह्यात गंगाकाठच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, एका गावी तुम्ही कनिष्ठ महाविद्यालयात शिकवता आणि राष्ट्रीय सेवा योजनेचं (रासेयो) काम बघता. गेल्या वर्षी जयंतीच्या मिरवणुकीचा रस्ता आणि त्याच रात्री कुणीतरी ठेवलेलं मोबाइलवरचं स्टेटस, या दोन गोष्टींवरून गावात दगडफेक झाली. गुन्हे दाखल झाले. आता 'सगळं शांत' आहे, पण पोरं एका टपरीवर चहा पीत नाहीत. पंधरा-वीस तरुण घेऊन हिवाळी शिबिरात शांततेवर पथनाट्य बसवायचं आणि 26 जानेवारीला करायचं, असा तुमचा विचार आहे. संहिता कुठं मिळेल, मुली कशा येतील, परवानगी कुणाची घ्यायची, खर्च किती येईल आणि मुळात याचा उपयोग होतो का, असं तुम्ही विचारलंय.

करा. पण 26 जानेवारी सोडा, आणि संहिता शोधू नका.

ध्वजवंदन झाल्यावर जिलेबीचे पुडे येईपर्यंत जो वेळ असतो त्यात बसणारं नाटक मी मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत पाहिलंय. एक पोरगा गोल टोपी घालतो, एक भगवा गमछा टाकतो, एक निळा. मधे पांढऱ्या साडीत भारतमाता. तिघं भांडतात, ती रडते, तिघांना पश्चात्ताप होतो, हातात हात, टाळ्या. बघणाऱ्यांपैकी एकालाही त्यात आपण दिसत नाही, कारण दगड उचलणारा पोरगा भारतमातेला विसरलेला नसतो. आदल्या रात्री अकराला त्याला ग्रुपवर एक स्क्रीनशॉट आलेला असतो, आणि चुलतभावानं दारात उभं राहून 'येतू का न्हाई?' एवढंच विचारलेलं असतं. घटना घडते ती तिथं. त्या दारातलं तुमच्या नाटकात नसेल तर बाकीचं सगळं सजावट आहे.

शांतता अभ्यासात योहान गाल्टुंग या नॉर्वेच्या अभ्यासकाचा एक भेद फार कामाचा आहे. नुसती मारामारी थांबलेली असते ती नकारात्मक शांतता, आणि माणसांमधलं नातं, न्याय, येणंजाणं पुन्हा सुरू झालेलं असतं ती सकारात्मक. 1969 मध्ये त्यांनी 'संरचनात्मक हिंसा' ही कल्पना मांडली. हात न उचलताही व्यवस्था माणसाला मारत राहते, असा तिचा साधा अर्थ. तुमच्या गावात आज पहिल्या प्रकारची शांतता आहे. ठाण्याच्या दप्तरात तेवढी पुरते. तुम्हाला नाटक करायचंय ते तिच्या पुढं जाण्यासाठी, तेव्हा 'भांडू नका' हे सांगणं तुमचं काम नाही. भांडणं थांबलेलीच आहेत. ती कशी पेटली, हे ज्यांच्यासमोर कुणी उच्चारत नाही त्यांच्यासमोर ते उच्चारता येईल अशी जागा तयार करणं, हे काम आहे.

ते सात दिवसांत होत नाही. रासेयोचं विशेष शिबिर सातच दिवसांचं असतं, पण नियमित कामाचे वर्षाला 120 तास तुमच्या हातात आहेत आणि ते बहुतेक ठिकाणी गाजरगवत उपटण्यात आणि रॅलीत जातात. त्यातले साठ-सत्तर तास याला द्या. आठवड्यातून दोन दिवस, दोन-दोन तास. शिबिर शेवटी ठेवा, प्रयोगांसाठी.

सगळ्यात जास्त वेळ गट जमवण्यात घाला. बारा ते सोळा जण पुरे. गावठाण, भीमनगर, मोहल्ला, तांडा, वडारवाडा, जे जे गावात आहे तिथून प्रत्येकी किमान दोघं हवेत, कारण एकटा आला की तो आपोआप आपल्या समाजाचा वकील होतो. दोघं असले की ते आपसातही भांडू शकतात. तेच हवंय. पुढाऱ्यांनी सुचवलेली नावं घेऊ नका. आणि सगळीच समंजस, पहिल्या बाकावरची पोरं घेऊ नका. डीजे मंडळाचा एखादा कार्यकर्ता, स्टेटस टाकण्यात पटाईत असा एखादा, रात्री बारापर्यंत चौकात उभा राहणारा एखादा, हे गटात नसतील तर तुम्ही ज्यांना काही सांगायची गरज नाही त्यांनाच घेऊन बसाल.

मराठवाड्यातल्या दऱ्या आता जुन्या नकाशाप्रमाणे राहिलेल्या नाहीत, हेही ध्यानात ठेवा. हिंदू-मुस्लिम आणि सवर्ण-दलित एवढंच पाहून गट केला तर चुकेल. 1 सप्टेंबर 2023 ला जालन्यातल्या अंतरवाली सराटीला मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला, ऑक्टोबरअखेर बीड-माजलगावात जाळपोळ झाली, आणि तेव्हापासून कैक गावांत मराठा आणि ओबीसी पोरांचे ग्रुप वेगळे झाले, काही ठिकाणी दुकानंसुद्धा वाटली गेली. डिसेंबर 2024 मध्ये परभणी शहरात संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर जे झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या गावची दरी नेमकी कुठं आहे ते कॉलेजच्या पटावरून कळत नाही. लग्नाच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसायचं बंद झालं, ते विचारा.

नुसतं एकत्र बसवल्यानं मनं जुळत नाहीत. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञानं 1954 मध्येच लिहून ठेवलंय की वेगवेगळ्या गटांची माणसं एकत्र आल्यावर पूर्वग्रह कमी व्हायला चार गोष्टी लागतात: बरोबरीचा दर्जा, सामायिक ध्येय, एकमेकांवाचून न होणारं काम, आणि वरच्यांचा पाठिंबा. नाटकात मधल्या दोन आपोआप मिळतात. प्रयोग हे ध्येय असतं आणि समोरच्यानं वाक्य टाकलं नाही तर आपलं अडतं. चौथी तुमच्या प्राचार्यांकडून मिळवा. पहिली मात्र रोज सांभाळावी लागते. तालमीला पाणी कोण भरतं, सतरंजी कोण झटकतं, चहाचे कप कोण गोळा करतं, यावर डोळा ठेवा. चार दिवस तीच दोन पोरं झाडू मारताना दिसली तर तुमच्या तालमीत गाव जसंच्या तसं आलेलं आहे. पाळी लावा, आणि पाळीत स्वतःचं नाव पहिलं घाला.

मुलींचं विचारलंत. मुली येतात, पण त्यांच्या घरच्यांना पाच गोष्टींची खात्री लागते: वेळ, जागा, सोबत, बरोबर कोण पोरं आहेत, आणि फोटो कुठं जाणार. तालीम चार ते सहा ठेवा, अंधाराच्या आत घरी. जागा झेडपीची शाळा. देवळाचा सभामंडप, समाजमंदिर, दर्ग्याचं आवार, तिन्ही नकोत, प्रत्येक ठिकाणी कुणीतरी एक उंबऱ्याबाहेर राहतं. अंगणवाडीताई किंवा आशाताईला सहदिग्दर्शक म्हणून घ्या, नुसती राखण करायला नको. त्या दोघींना गावातलं प्रत्येक घर आतून माहीत असतं, संवाद लिहिताना त्यांच्यासारखी खाण नाही. फोटोचा नियम पहिल्या दिवशी ठरवा: तालमीचा फोटो कुणीच कुठं टाकणार नाही.

आणि कॅलेंडर बघून पात्रं वाटा. तुळशीचं लग्न लागलं की गावातली लग्नं सुरू होतात आणि बारावीतल्या दोन-तीन मुली गटातून नाहीशा होतात. बीडकडची गावं असतील तर दसरा-दिवाळीपासून उसतोडीला टोळ्या जातात, त्या पाडव्याच्या आसपास परततात, आणि त्यात आईबापांबरोबर पोरंही असतात. म्हणून प्रत्येक भूमिका दोघांना पाठ हवी. याचा एक फायदा असा की एकच पात्र आज एका समाजाचा मुलगा करतो, उद्या दुसऱ्या समाजाचा, आणि 'तू असं का केलंस?' यावर त्यांच्यात जी बोलाचाली होते ती कुठल्याही व्याख्यानात होत नाही.

आता प्रत्यक्ष तालीम. पहिले दोन आठवडे त्या दगडफेकीचं नाव काढू नका. डोळे बांधून एकमेकांना अंगणभर फिरवणं, आरशासारखी नक्कल, हे साधे खेळ खेळा. दुसऱ्याच्या हातात हात द्यायची सवय आधी शरीराला लागू दे. मग पुतळ्यांचा खेळ सुरू करा. ऑगस्तो बोआल या ब्राझीलच्या रंगकर्मीनं सत्तरच्या दशकात शोषितांची रंगभूमी उभी केली, त्यातला हा प्रकार. एक जण बाकीच्यांना मातीसारखं हातानं वळवून एक स्थिर चित्र तयार करतो, बोलायचं नाही. 'गावातला रविवार', 'आठवडी बाजार', 'बसस्टँड' असे विषय द्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणीतरी न सांगता ते चित्र करेल. बाजाराच्या चित्रात एक पोरगा सगळ्यांकडे पाठ करून उभा असेल. तिथं थांबा आणि फक्त विचारा, 'याला काय दिसतंय?'

त्यानंतर मी जे करतो ते वेळेच्या रेघेचं काम. शाळेच्या व्हरांड्यात खडूनं लांब रेघ ओढायची. एका टोकाला संध्याकाळी सहा, दुसऱ्याला दुसऱ्या दिवशीचे सकाळी दहा. मग स्टेटस कधी पडलं, स्क्रीनशॉट कधी निघाला, मंडळाच्या ग्रुपवर कधी आला, कुणी पहिला फोन केला, टपरी किती वाजेपर्यंत उघडी होती, प्रत्येक गोष्टीच्या जागी एक जण उभा राहतो. खरी नावं घ्यायची नाहीत, 'टपरीवाला', 'ॲडमिन', 'चुलतभाऊ' एवढंच. रेघ भरत आली की एक गोष्ट सगळ्यांना एकदम दिसते: दगड मारणारे थोडे होते, पण त्याआधी चौदा-सोळा तासांत कितीतरी माणसांनी प्रत्येकी एक लहान गोष्ट केली होती, किंवा केली नव्हती. तुमचं नाटक ही रेघ आहे. संहिता विकत कुठं मिळणार? व्हरांड्यात पडलीये.

भूमिकांच्या अदलाबदलीबद्दल मात्र सावध राहा. हिंदू पोराला मुस्लिम आणि मुस्लिम पोराला हिंदू करायचं, सवर्णाला दलित करायचं, ही कल्पना पहिल्याच दिवशी सगळ्यांना सुचते आणि ऐकायला छान वाटते. घाईनं केलं तर नक्कल होते, आणि नकलेला हशा मिळतो. आधी त्या मुलानं समोरच्याच्या घरी जाऊन त्याच्या आईशी तासभर बोलावं, मग त्याला ती भूमिका द्यावी. आणि ज्यानं आयुष्यभर अपमान सोसलाय त्याला रोजच्या तालमीत पुन्हा तोच अपमान सोसायला लावू नका, नाटक म्हणूनसुद्धा नाही. जातीवाचक शिवी रंगमंचावर उच्चारायची गरज नसते. वेगळा ठेवलेला कप दाखवा, कप धुवायला ज्याला सांगितलं त्याचा हात दाखवा. बघणाऱ्याला शब्द माहीतच असतो. वर कायद्याचा प्रश्नही आहे: 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली अशा शब्दांचा जाहीर वापर हा गुन्हा होऊ शकतो, आणि 'ते नाटकात होतं' हे ठाण्यात समजावत बसायची वेळ पोरांवर का आणायची?

प्रयोगाचा प्रकार म्हणून मी तुम्हाला मंच नाट्य, ज्याला 'फोरम' म्हणतात, तेच सुचवेन. हेही बोआलचंच. पंधरा-वीस मिनिटांचा प्रवेश वाईट शेवटापर्यंत न्यायचा, दगड पडेपर्यंत. समेट दाखवायचा नाही. मग सूत्रधार पुढं येऊन सांगतो, 'आता हेच पुन्हा पहिल्यापासून होईल. कुठं कुणी वेगळं वागू शकलं असतं असं वाटलं तर थांबवा, इथं या आणि करून दाखवा.' नुसतं सांगायचं नाही. करून दाखवायचं. सूत्रधार तुम्ही स्वतः होऊ नका. मास्तर सूत्रधार झाला की गाव बरोबर उत्तर शोधायला लागतं.

गावात पहिल्यांदा कुणी थांबवत नाही. बाया तोंडाला पदर लावतात, म्हातारे खाकरतात. एका ठिकाणी आम्ही शिट्टी पहिल्या रांगेतल्या आजीच्या हातात दिली. तिनं एकदा फुंकली ती नंतर कुणाच्या हातात जाऊच देईना.

पहिली उत्तरं सगळीकडे सारखीच येतात: पोलिसांना फोन करा, पोराचा मोबाइल काढून घ्या, बापानं दोन थोबाडीत द्याव्यात. नाकारू नका, सगळी करून बघा. नटांना एकच सूचना द्या, खऱ्या माणसासारखं वागायचं. मग बाप थोबाडीत देतो, पोरगा गप बसतो, बाप जेवायला वळला की मागच्या दारानं चौकात जातो. बघणाऱ्यांना कळतं की हे पुरत नाही. तिथून खऱ्या सूचना सुरू होतात. बोआलच्या मूळ पद्धतीत जुलूम करणाऱ्याला बदलून त्याला एकदम सज्जन करता येत नाही, आणि हा नियम आपल्याकडं तर फारच पाळायला हवा, नाहीतर पाच मिनिटांत सगळे एकमेकांच्या गळ्यात पडतात. मधली माणसं बदलू द्या: ॲडमिन, टपरीवाला, चुलतभाऊ, शेजारची काकू. जालना जिल्ह्यातल्या एका प्रयोगात बदललेला चुलतभाऊ दारात येऊन एवढंच म्हणाला, 'सकाळी बघू. आता जेव.' समोर सगळा गाव एकदम बोलायला लागला. कुणी म्हणे हा भित्रा, कुणी म्हणे हाच शहाणा. एका म्हाताऱ्यानं विचारलं, 'सकाळी खरंच बघणार हाईस का?' माझ्या मते त्या संध्याकाळचा सगळ्यात चांगला प्रश्न तो होता, कारण नुसतं पुढं ढकललेलं भांडण पुढच्या जयंतीला व्याजासकट येतं.

भाषा गावची ठेवा. 'बंधू, आपण असे का वागतो?' असं बोलणारा माणूस मराठवाड्यात जन्मला नाही. 'तुपलं काय जातंय रे?', 'कामून आडवा येतू?' असंच बोलू द्या. मुस्लिम पात्रांच्या तोंडी सिनेमातली उर्दू घालू नका. आपल्याकडची दखनी घाला, 'कायकू', 'नक्को', 'हौ' सगळं. ती मुलं घरी जशी बोलतात तशी. त्यातली निम्मी गावठाणातल्या पोरांपेक्षा अस्सल मराठवाडी मराठी बोलतात, तेही नाटकात आलं पाहिजे.

आणि हे सगळं बाहेरून आणलेलं आहे असं कुणी म्हटलं तर त्याला पैठणची आठवण द्या. सोळाव्या शतकात एकनाथांनी 'हिंदु-तुर्क संवाद' रचला. त्यात तुर्क दखनी ढंगाच्या हिंदीत बोलतो आणि ब्राह्मण मराठीत. दोघं एकमेकांच्या देवाधर्माचं असं काही वाभाडं काढतात की आज ते जाहीर वाचायला छाती लागेल, आणि शेवटी एकमेकांना आलिंगन देतात. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर सुलतानी चाकरीत होते, म्हणजे हा संवाद त्यांनी कुठून ऐकला असेल ते उघड आहे. शेवटची मिठी मला त्यात तितकी महत्त्वाची वाटत नाही. दोघांनाही सारखीच तिखट वाक्यं दिलीत, कुणीच बावळट नाही, कुणीच नुसता ऐकून घेत नाही, हे मोठं आहे. तुमचा प्रवेश बसला की कागद घेऊन मोजा: चांगली, टाळी घेणारी वाक्यं कुणाच्या वाट्याला गेलीत? एकाच बाजूला गेली असतील तर दुसरी बाजू पहिल्या दहा मिनिटांत मनानं उठून गेलेली असते.

भारूड, सत्यशोधक जलसा, आंबेडकरी जलसा, शाहिरी, एवढा वारसा हाताशी असताना दरवेळी डफली आणि 'आओ आओ नाटक देखो' कशाला? एकच सांगतो, पोतराज, वासुदेव, गोंधळी ही सोंगं ज्यांच्या घरात तो विधी किंवा ते पोटापाण्याचं काम आहे त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका. शांततेच्या नाटकात कुणाच्या तरी पोटावर हसू येणं बरं नव्हे.

जुन्या जखमांचं काय, असं काही शिक्षक विचारतात. रझाकार, सप्टेंबर 1948 ची पोलीस कारवाई, 1978 चं मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर. पहिल्या वर्षी नको. पण त्या विषयांवाचून मराठवाड्यात हे काम पुरं होत नाही. आपण 17 सप्टेंबर मुक्तिदिन म्हणून साजरा करतो आणि तो करायलाच हवा, रझाकारांनी काय केलं ते अजून घरोघर सांगितलं जातं. त्याच कारवाईनंतरच्या दिवसांत मुस्लिम वस्त्यांवर जे गुदरलं ते मात्र शाळेत येत नाही. केंद्रानं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं उस्मानाबाद आणि नांदेड ही सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत धरली होती, आणि तो अहवाल कित्येक वर्षं लोकांसमोर आला नाही. नामांतराचा ठराव 27 जुलै 1978 ला झाला आणि नामविस्तार 14 जानेवारी 1994 ला, मधल्या साडेपंधरा वर्षांत दलित वस्त्यांनी काय सोसलं ते वस्तीतल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे आणि गावठाणातल्या नातवंडांना ठाऊकही नाही. दुसऱ्या वर्षी पोरांना जोडीनं आजी-आजोबांकडे पाठवा, दोघं दोन समाजांचे, आणि एकच प्रश्न द्या: 'त्या वेळी तुम्हाला कुणी लपवलं होतं का, किंवा तुम्ही कुणाला?' कणगीत लपवलेली माणसं, रातोरात गंगेपार नेलेली कुटुंबं, असं बरंच निघतं. न्यायनिवाडा पोरांकडून करून घेऊ नका, गोष्टी जमवू द्या.

परवानगीचं सोपं आहे. ग्रामपंचायतीचं पत्र घ्या, ठाण्याला लेखी कळवा, त्या काळात जमावबंदी लागू आहे का ते विचारा, ध्वनिक्षेपक रात्री दहाच्या आत बंद. संहिता जमेल तशी लिहून जवळ ठेवा. तीच पुढं स्पर्धेत किंवा नाट्यगृहात न्यायची झाली तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागेल. जयंत्या, गणपती, मोहरम, ईद, रामनवमी यांच्या आगेमागे पंधरा दिवस प्रयोग नको. निवडणुकीच्या तोंडावर तर नकोच. पथनाट्य हे काही बिनधोक काम नाही. 1 जानेवारी 1989 ला साहिबाबादजवळ झंडापूरला सफदर हाश्मींवर प्रयोग चालू असताना हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. तुमच्याबरोबर विशीच्या आतली पोरं आहेत. कुठल्याही पालकाला 'काही होत नाही हो' असं सांगू नका.

आजचा मोठा धोका दगडाचा नाही, क्लिपचा आहे. तुमच्या प्रवेशातला सगळ्यात कडवट अर्धा मिनिट कुणी मोबाइलवर घेतला आणि मागचंपुढचं काढून स्टेटसला टाकला, तर तुम्ही ज्यावर नाटक केलं तेच तुमच्या नाटकानं घडेल. सुरुवातीला विनंती करायचीच, गटातली दोन पोरं कडेनं उभी करायचीच, पण त्यावर विसंबू नका. सगळ्या नटांना एकाच रंगाचे सदरे घाला आणि चेहऱ्यावर ठळक रंगाचा पट्टा ओढा, म्हणजे कुठलाही तुकडा पाहिला तरी हे नाटक आहे हे दिसेल. धर्माच्या खुणा अंगावर नकोत, पात्र कोण ते बोलण्यातून कळू द्या.

जागेबद्दल एक गोष्ट. मारुतीच्या पारापुढं प्रयोग केला की वस्तीतली माणसं कडेला उभी राहतात, वस्तीत केला की गावठाण येत नाही. शाळेच्या मैदानात करा, आणि दुपारी तीनला फक्त बायांसाठी एक वेगळा प्रयोग करा. त्या प्रयोगात तुम्हाला पूर्ण वेगळी रेघ ऐकायला मिळेल: कुणाच्या घरात त्या रात्री दगड आले, कुणी ते पाहिलं, कुणाला गप बसवलं. उद्घाटन, सत्कार, बॅनर काही नको. आमदारसाहेब येतो म्हणाले तर बसायला सतरंजी आहे म्हणावं.

उपयोग होतो का? नाटकानं दंगल थांबत नाही. जमिनीचा वाद, आरक्षण, रिकामे हात, यातलं काहीही मंच नाट्यानं सुटत नाही, आणि तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. टाळ्या मोजू नका, 'कार्यक्रम छान झाला' हा अभिप्रायही मोजू नका. सहा महिन्यांनी बघा: गटातल्या पोरांच्या मोबाइलमध्ये एकमेकांचे नंबर आहेत का, काही अफवा आली की ती आधी एकमेकांना विचारतात का, एकमेकांच्या घरच्या मौतीला गेली का. पुढच्या जयंतीच्या आधी ठाण्यात शांतता समितीची बैठक होईल, तिथं बहुधा पन्नाशीपुढचे पुरुषच बसलेले असतील. त्यात तुमच्या गटातला एक मुलगा आणि एक मुलगी बसवा. 15 ऑगस्ट 2007 पासून राज्यात तंटामुक्त गाव मोहीम आली, तुमच्या गावातही समिती असेल, कागदावर का होईना. तिथंही हेच. मिरवणुकीचा रस्ता ठरवताना ही दोघं बोलली तर तुमचं वर्ष वसूल.

आता तुमच्या पत्रातली जी ओळ मला खटकली तिच्याबद्दल. 'नाटकामुळे दोन्ही बाजू केस मागे घेतील अशी सरपंचांना आशा आहे' असं तुम्ही लिहिलंय. यात पडू नका. गुन्हे दाखल आहेत, त्यात कुणाची डोकी फुटलीत, कदाचित अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमंही असतील. फिर्यादीला 'आता मिटवून घ्या' म्हणायला गावाकडं आधीच पुष्कळ माणसं असतात, त्यात आणखी पोरांचं नाटक उभं करू नका. शांततेच्या नावाखाली ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच गप करायचं, हे आपल्याकडं फार झालंय. सरपंचांना पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा की केसचं केस बघेल. ती न्यायालयात असेपर्यंत ती घटना हुबेहूब दाखवू नका. काळ, रस्ता, निमित्त बदला. त्या केसमधला आरोपी किंवा फिर्यादी गटात असेल तर त्याला प्रवेशात त्या घटनेतली भूमिका देऊ नका, आणि तालमीत तो जे बोलेल ते व्हरांड्याबाहेर जाणार नाही एवढी जबाबदारी तुमची.

खर्चाचं विचारलंत म्हणून: सदरे, रंग, एक डफ, खडू, चहा. देणगी कुणा एकाची घेऊ नका, पावतीबरोबर त्याचं नाव येतं. चहा पाळीपाळीनं प्रत्येकाच्या घरून येऊ द्या, आठवड्याला एक घर. पहिल्या महिन्यात काही जण 'मला नको, आत्ताच घेतला' म्हणतील. आग्रह करू नका, किटली ठेवा आणि तालीम सुरू करा.